आईच्या फाईलवर ‘पेनिसिलिन ॲलर्जी’ लिहिलंय. आता पुढे काय?

नाशिकच्या एका ताईंनी त्यांच्या आईबद्दल विचारलं आहे. आईंचं वय ६४, मधुमेह आहे, पुढच्या महिन्यात गुडघा बदलायचं ऑपरेशन ठरलंय. पंधराएक वर्षांपूर्वी घसा दुखून ताप आला होता. तेव्हा जवळच्या डॉक्टरांनी पुडीतून गोळ्या दिल्या आणि चौथ्या-पाचव्या दिवशी पोटापाठीवर लाल पुरळ उठलं. ‘पेनिसिलिनची ॲलर्जी आहे, पुन्हा कधी घेऊ नका,’ असं त्यांना सांगितलं गेलं. पुढे काही वर्षांनी लघवीच्या जळजळीवर घेतलेल्या गोळीने खालच्या ओठावर काळा डाग पडला, तो अजून फिकट दिसतो. त्यावरून फाईलवर लाल शाईने ‘सल्फा’ (अँटिबायोटिक्सचा एक जुना गट) हेही लिहिलं गेलं. आता भूलतज्ज्ञ खोदून खोदून विचारतायत, केमिस्ट म्हणतो आई रोज घेतात ती मधुमेहाची ग्लिमेपिराइडसुद्धा सल्फाच, आणि एका लॅबने रक्ताची भली मोठी ॲलर्जी पॅनल करायला सुचवलंय. आईला कुठलं अँटिबायोटिक चालेल, चाचणी करावी का, आणि हे घराण्यात उतरतं का, म्हणजे मला आणि माझ्या मुलीलाही धोका आहे का, असे ताईंचे प्रश्न आहेत.

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. औषधाने अंगावर काही उठलं की रुग्ण शेवटी आमच्याकडेच येतो, त्यामुळे हा माझ्या रोजच्या ओपीडीतला विषय. पण मी आईंना पाहिलेलं नाही, त्यांचे जुने कागद पाहिलेले नाहीत. शेवटचा निर्णय त्यांना तपासणाऱ्या सर्जन आणि भूलतज्ज्ञांचाच. अशा वेळी मी कसा विचार करतो ते इथे सांगतो. त्यातून त्यांच्याशी काय बोलायचं ते तुम्हाला नेमकं कळेल.

‘कुठलं अँटिबायोटिक चालेल’ हा प्रश्न नंतरचा. आधीचा प्रश्न असा की फाईलवर लिहिलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत का. तुमच्या वर्णनावरून मला दोन अगदी वेगळे प्रकार दिसतात. पहिला बहुधा ॲलर्जी नव्हताच किंवा असला तर सौम्य होता. दुसरा मात्र खरा असण्याची शक्यता बरीच आहे, फक्त त्याचा अर्थ चुकीचा लावला गेलाय.

अमेरिकेसारख्या देशांत शंभरातले साधारण दहा जण ‘मला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे’ असं सांगतात. त्यांची नीट तपासणी केली की दहांतले नऊ किंवा त्याहून जास्त जण पेनिसिलिन व्यवस्थित घेऊ शकतात असं पुन:पुन्हा दिसलंय. कॅनडात माँट्रियलला ८१८ मुलांना, ज्यांना अमॉक्सिसिलिनची (हे पेनिसिलिनच्याच कुळातलं) ॲलर्जी आहे असा संशय होता, तेच औषध देखरेखीखाली पुन्हा दिलं. ९४ टक्के मुलांना काहीही झालं नाही. हे लोक खोटं बोलत नव्हते, पुरळ खरंच आलेलं असतं. ते औषधामुळेच आलं हे मात्र कुणी तपासलेलं नसतं.

मुलांचं उदाहरण सोपं आहे. विषाणूच्या तापात पुरळ येतंच. ताप आला, तिसऱ्या दिवशी अमॉक्सिसिलिनचं सिरप सुरू केलं, पाचव्या दिवशी पुरळ आलं आणि दोष सिरपवर गेला. घसा आणि मानेच्या गाठी सुजवणारा एक विषाणू तर असा आहे, की त्या आजारात अमॉक्सिसिलिन किंवा ॲम्पिसिलिन दिलं तर बऱ्याच जणांच्या अंगभर पुरळ उठतं आणि आजार गेल्यावर तेच औषध बहुतेकांना निमूट चालतं. तुमच्या आईंनाही तेव्हा घसा आणि ताप होता, हे विसरू नका.

दुसरा घोळ पुडीचा. आपल्याकडे अजूनही कित्येक दवाखान्यांत चार-पाच सुट्या गोळ्या कागदात बांधून देतात. त्यात एक अँटिबायोटिक, एक तापाची, एक अंगदुखीची, एक पित्ताची आणि कधी एक लहानशी पांढरी स्टेरॉईडची. रुग्णाला नाव एकाचंही ठाऊक नसतं. ‘लाल-पिवळी कॅप्सूल होती’ एवढंच आठवतं. अंगावर काही उठलं की संशय अँटिबायोटिकवर जातो, कारण ते ‘पॉवरचं’. पण आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, निमेसुलाइड या दुखण्याच्या गोळ्यांनी गांधी उठणं, डोळे-ओठ सुजणं हे मी अँटिबायोटिकइतकंच पाहतो. त्या ओळखायच्या राहिल्या की दुहेरी नुकसान होतं. निरपराध अँटिबायोटिक आयुष्यभर बंद होतं आणि खरी गुन्हेगार गोळी पुढच्या डोकेदुखीला पुन्हा पोटात जाते. म्हणून आईंना एक प्रश्न जरूर विचारा: त्यानंतर अंगदुखीच्या कुठल्या गोळीने कधी अंगावर काही उठलं का? आणि दुसरा, त्याहून महत्त्वाचा: गेल्या पंधरा वर्षांत कुणी नकळत अमॉक्सिसिलिन किंवा त्याला क्लॅव्युलॅनिक ॲसिड जोडलेली गोळी दिली होती का? दात काढताना, सर्दी-कानाला? घरातल्या जुन्या चिठ्ठ्या, मेडिकलची बिलं चाळा. अशी गोळी मधे पूर्ण पाच दिवस घेतली आणि काही झालं नाही, असं निघालं तर ती ॲलर्जी तिथेच निकालात निघाली.

तिसरा भाग साध्या दुष्परिणामांचा. गोळीने जुलाब झाले, मळमळलं, तोंड कडू झालं, ‘गरम पडली’ आणि तोंड आलं, हे सगळं रुग्ण ॲलर्जीच्या रकान्यात सांगतात. क्लॅव्युलॅनिक ॲसिडने जुलाब होणं अगदी नेहमीचं. त्रास खरा असतो, पण तो प्रतिकारशक्तीचा हल्ला नसतो आणि पुढच्या वेळी जीव धोक्यात येईल असंही नसतं.

मी रुग्णाला सगळ्यात आधी वेळ विचारतो. गोळी घेतल्यावर किती वेळाने झालं, आणि तो कितवा डोस होता? तातडीची ॲलर्जी, जिला डॉक्टर घाबरतात ती, बहुतेकदा तासाभरात दिसते, फार तर काही तासांत. अंगावर गांधी उठतात, ओठ-पापण्या सुजतात, आवाज बसतो, छाती घरघरते, बीपी पडतो. ही आयजीई नावाच्या प्रतिपिंडांमुळे होते. उशिराची ॲलर्जी वेगळ्या पेशींमुळे होते आणि ती औषध सुरू केल्यावर काही दिवसांनी, साधारण तिसऱ्यापासून दहाव्या दिवसापर्यंत पुरळाच्या रूपात दिसते. तुमच्या आईंचं चौथ्या-पाचव्या दिवशीचं पुरळ या दुसऱ्या गटात बसतं, किंवा मग ते विषाणूचं होतं.

पुरळ आणि गांधी यांत लोक गल्लत करतात, आणि खरं तर काही डॉक्टरही करतात. गांधी म्हणजे डास चावल्यासारख्या फुगीर, खाजऱ्या, कडेला लाल. एकेक गांध २४ तासांच्या आत विरते आणि दुसरीकडे नवी उठते. पुरळ म्हणजे बारीक लाल ठिपके. ते जागचे हलत नाहीत, आठवडाभर राहतात आणि जाताना बारीक पापुद्रा सुटतो. मी रुग्णाला घरी बॉलपेनने एका उठलेल्या जागेभोवती गोल काढायला सांगतो. दुसऱ्या दिवशी गोल रिकामा असेल तर गांधी, भरलेला असेल तर पुरळ. आता यापुढे घरात कुणालाही असं झालं तर तो गोल काढा, मोबाईलवर फोटो घ्या, आणि खाल्लेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्यांचाही फोटो घ्या. पंधरा वर्षांनी डॉक्टरला तो फोटो दहा चाचण्यांहून जास्त सांगून जातो.

आता भीती कशाची बाळगायची ते सांगतो, कारण वरचं सगळं वाचून कुणी परस्पर गोळी खाऊन बघायला नको. पुरळाबरोबर कातडी दुखत होती का, भाजल्यासारखी? फोड आले, सालं निघाली? डोळे लाल होऊन चिकटले, तोंडात आणि खाली जागोजागी जखमा झाल्या? तोंड सुजून ताप, गाठी, कावीळ असं काही आठवड्यांनी झालं? रुग्णालयात ठेवावं लागलं? यातलं एक जरी ‘हो’ असेल, तर ते स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम (कातडी सोलून काढणारी जीवघेणी रिअॅक्शन) किंवा तशाच जातीचं काही असू शकतं. तिथे पुन्हा देऊन बघणं, त्वचेवर टोचून बघणं, हळूहळू सवय लावणं, यातलं काहीच करायचं नाही. ते औषध आणि त्याची जवळची भावंडं आयुष्यभर बंद. मूत्रपिंडाला सूज किंवा रक्तपेशी फुटून पंडुरोग झाला असेल तरी तेच. तुमच्या वर्णनात यातलं काही नाही, पण आईंना शांतपणे बसवून हे एकेक विचारा. वडीलधारी माणसं ‘थोडं अंगावर उठलं होतं’ म्हणून विषय संपवतात.

समजा यातलं काही नव्हतं. मग धोका किती? ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी २०२० मध्ये एक सोपी गुणपद्धत प्रसिद्ध केली. घटना पाच वर्षांच्या आतली असेल तर २ गुण. तातडीची गंभीर रिअॅक्शन, ओठ-चेहऱ्यावर सूज किंवा गंभीर त्वचाविकार असेल तर २. त्या वेळी उपचार करावे लागले असतील, किंवा ते आठवत नसेल, तर १. बेरीज तीनपेक्षा कमी आली तर खरी ॲलर्जी निघण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी. तुमच्या आईंची बेरीज शून्य किंवा एक येते. त्यात भर अशी की तातडीची खरी ॲलर्जीसुद्धा कायम टिकत नाही. दहा वर्षांत साधारण ८० टक्के लोकांची ती मावळलेली असते.

अशा कमी धोक्याच्या माणसांना आधी त्वचेची चाचणी न करता सरळ तोंडाने अमॉक्सिसिलिनचा एक डोस देखरेखीखाली देऊन पाहणं सुरक्षित आहे का, हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तपासलं गेलं. सरळ डोस दिलेल्या आणि आधी त्वचाचाचणी केलेल्या, दोन्ही गटांत २०० च्या आसपास माणसं होती आणि प्रत्येक गटात फक्त एकाला रिअॅक्शन आली. आपल्याकडे हे विशेष उपयोगाचं आहे, कारण पेनिसिलिनच्या त्वचाचाचणीला लागणारी तयार द्रव्यं इथे सहजी मिळत नाहीत.

प्रत्यक्षात ते असं होतं. सकाळी रुग्णालयात या, हलका नाश्ता चालेल. सर्दी, ताप, दमा उसळलेला नको. सेटिरिझिनसारखी खाजेची गोळी आदल्या काही दिवसांत घेतलेली नको, नाहीतर ती सुरुवातीच्या गांधी झाकून टाकते. बीपीसाठी ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल जातीची गोळी चालू असेल तर आधी सांगायचं, कारण गडबड झाली तर जीव वाचवणारं ॲड्रिनलिनचं इंजेक्शन तितकं नीट काम करत नाही. बीपी, नाडी, ऑक्सिजन मोजतात. आम्ही रुग्णाच्या पाठ-पोटावरचे आधीचे डागही कागदावर नोंदवून ठेवतो, म्हणजे नंतर ‘हा नवा की जुना’ असा वाद नको. ट्रेमध्ये ॲड्रिनलिनची ॲम्प्यूल, सिरिंज, ऑक्सिजनचा मास्क समोर. मग कुणी एकदम पूर्ण डोस देतात. मी स्वतः वयस्कर रुग्णाला आधी दहावा हिस्सा देतो, अर्धा-पाऊण तास थांबतो आणि मग उरलेला देतो. त्यानंतर किमान तासभर बसवून ठेवायचं. बहुतेक जण तो वेळ मोबाईलमध्ये घालवतात. आईंचं पुरळ उशिराचं होतं, म्हणून पुढचे काही दिवस घरी अंगाकडे लक्ष ठेवायचं. उशिराच्या पुरळासाठी काही डॉक्टर तीन-पाच दिवसांचा पूर्ण कोर्स देऊन बघतात, काही एकाच डोसवर थांबतात. इथे तज्ज्ञांत मतभेद आहेत आणि दोन्ही पद्धती चालतात.

हे घरी करायचं नाही. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून कॅप्सूल आणून ‘बघू काय होतं’ असंही नाही.

लॅबच्या पॅनलबद्दल: पैसे वाचवा. त्या मोठ्या पॅनलमध्ये धूळ, परागकण, शेंगदाणे, वांगं असं सगळं असतं, आणि तुमच्या प्रश्नाशी त्याचा काही संबंध नाही. पेनिसिलिनविरुद्धचं आयजीई रक्तात मोजता येतं, पण ते निगेटिव्ह आलं म्हणून ॲलर्जी नाही असं म्हणता येत नाही. उशिराच्या पुरळासाठी तर ते निरर्थकच, कारण तिथे आयजीईचा हातच नसतो.

‘टेस्ट डोस’बद्दलही बोलायला हवं, कारण ऑपरेशनच्या दिवशी आईंच्या हातावर तो टोचला जाण्याची दाट शक्यता आहे. वॉर्डात सिस्टर सेफ्ट्रिॲक्सोन या अँटिबायोटिकची बाटली पातळ करतात, त्यातला थेंबभर कातडीत टोचून बॉलपेनने गोल काढतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी येऊन बघतात. १ ग्रॅमची बाटली १० मिली पाण्यात विरघळवली की दर मिलीला १०० मिलिग्रॅम होतं. त्वचाचाचणीला याहून पुष्कळ पातळ द्रावण लागतं, आणि बाजूला नुसत्या सलाईनचा आणि मुद्दाम गांध उठवणाऱ्या हिस्टामिनचा टोचा तुलनेसाठी लागतो. दाट द्रावणाने कातडी नुसत्या चुरचुरण्यानेही लाल होते आणि फाईलवर आणखी एक ॲलर्जी चिकटते. उलट, हात कोरा राहिला म्हणून निर्धास्त होण्यातही अर्थ नाही. ज्याला कधी कुठली रिअॅक्शन आलेली नाही अशा माणसाला सरसकट टेस्ट डोस देण्याची प्रथा माझ्या मते सोडून द्यावी. त्याच वेळात सिस्टरांनी इमर्जन्सी ट्रे तपासला तर जास्त उपयोग होईल.

इथवरचं थोडक्यात: आईंचा ‘पेनिसिलिन’चा शिक्का कमी धोक्याचा दिसतो. वेळ असेल आणि जवळ सोय असेल तर ऑपरेशनच्या आधी तो तपासून पुसता येईल. सोय नसेल तरी ऑपरेशन अडायला नको. ते कसं, ते आता.

गुडघा बदलताना जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून चिरा देण्याच्या आधीच्या तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक देतात. त्यासाठी पहिली पसंती सेफाझोलिन. आपल्याकडे सेफ्युरोक्झिमही बऱ्याच ठिकाणी देतात. ही सेफॅलोस्पोरिन्स, पेनिसिलिनची चुलत भावंडं. जुन्या पुस्तकांत लिहिलेलं असायचं की पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या दहा टक्के लोकांना सेफॅलोस्पोरिनही बाधतं. तो आकडा सुरुवातीच्या काळातला आहे, जेव्हा सेफॅलोस्पोरिनच्या उत्पादनात पेनिसिलिनचा अंश मिसळलेला राहायचा. आज हे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी धरतात.

शिवाय एकाची ॲलर्जी दुसऱ्याला लागू होणं बहुतेक वेळा रेणूच्या मधल्या समान कड्यामुळे होत नाही, त्याला जोडलेल्या बाजूच्या साखळीमुळे होतं. अमॉक्सिसिलिन आणि ॲम्पिसिलिनची साखळी सेफॅलेक्सिन, सेफॅड्रॉक्सिल, सेफॅक्लोर यांच्या साखळीशी जुळते, त्यामुळे खरी अमॉक्सिसिलिन ॲलर्जी असेल तर ही तीन सांभाळून. सेफाझोलिनची साखळी कुणाशीच जुळत नाही. सेफ्युरोक्झिम आणि सेफ्ट्रिॲक्सोन एकमेकांसारखी आहेत, पण अमॉक्सिसिलिनसारखी नाहीत. म्हणूनच अमेरिकेतल्या ॲलर्जी तज्ज्ञांच्या २०२२ च्या मार्गदर्शनानुसार पेनिसिलिनने तातडीची गंभीर रिअॅक्शन आलेल्या माणसालाही सेफाझोलिन देता येतं. अपवाद वर सांगितलेल्या कातडी सोलणाऱ्या आणि अवयवांना इजा करणाऱ्या प्रकारांचा.

तुमचे सर्जन ‘आपण दुसरं काही देऊ’ म्हणाले तर ‘दुसरं’ म्हणजे काय ते विचारा. ते बहुधा व्हॅन्कोमायसिन किंवा क्लिंडामायसिन असेल. अमेरिकेत गुडघा, खुबा, गर्भाशय, मोठं आतडं आणि हृदयाच्या बायपासच्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पेनिसिलिन ॲलर्जीचा शिक्का असलेल्यांना जखमेचा जंतुसंसर्ग होण्याची शक्यता दीडपट निघाली, आणि त्याचं कारण शिक्क्यामुळे दिलं गेलेलं पर्यायी औषध हेच होतं. बदललेल्या गुडघ्यात संसर्ग झाला तर काय होतं ते सर्जन तुम्हाला माझ्यापेक्षा नीट सांगतील. व्हॅन्कोमायसिनची आणखी एक गंमत: ते तासाभरात सावकाश सोडावं लागतं. घाईने सोडलं की चेहरा-मान लाल होऊन खाज सुटते. ती ॲलर्जी नव्हे, वेगाचा परिणाम आहे. पण फाईलवर ‘व्हॅन्कोमायसिन ॲलर्जी’ चढायला वेळ लागत नाही, आणि मग भूलतज्ज्ञाच्या हातात उरतं काय?

शिक्क्याचं नुकसान ऑपरेशनपुरतंच नाही. संधिवाती तापाने हृदयाची झडप बिघडलेल्या मुलांना दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं लांब पल्ल्याचं इंजेक्शन वर्षानुवर्षं द्यावं लागतं. त्यांच्या बाबतीत असा अर्धवट शिक्का फारच महाग पडतो. गरोदरपणात सिफिलिस असेल तर पेनिसिलिनला पर्यायच नाही. खरी ॲलर्जी असली तरी रुग्णालयात ठेवून अगदी थेंबाथेंबाने डोस वाढवत तेच द्यावं लागतं.

आता ओठाचा डाग. हे ऐकल्यावर आमच्या शाखेतला कुणीही एकच नाव घेईल: फिक्स्ड ड्रग इरप्शन. औषध घेतलं की काही मिनिटांत ते काही तासांत एका ठरावीक जागी जळजळ किंवा खाज सुटते, गोल जांभळट-लाल चट्टा उठतो, कधी मधे फोड येतो. आठवड्याभरात तो बसतो आणि मागे राखाडी-काळा डाग राहतो, महिनोन्‌महिने. पुन्हा तेच औषध घेतलं की चट्टा नेमका तिथेच पेटतो, आणि हळूहळू नव्या जागाही धरतो. ओठ, जननेंद्रिय, हाताचे तळवे या त्याच्या आवडत्या जागा. त्या जागेच्या कातडीत ते औषध ओळखणाऱ्या पेशी मुक्काम ठोकून बसलेल्या असतात, म्हणून रक्ताच्या चाचणीत यातलं काही दिसत नाही.

आपल्याकडे हा प्रकार नेहमीचा आहे, कारण त्याला कारणीभूत औषधं आपण सढळ हाताने खातो. को-ट्रायमोक्सॅझोल हे त्यातलं ‘सल्फा’. जुलाबावर कुणालाही न विचारता घेतली जाणारी नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडॅझोल किंवा ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडॅझोलची जोडगोळी, मेट्रोनिडॅझोल, डॉक्सिसायक्लिन, दुखण्याच्या गोळ्या, क्वचित साधं पॅरासिटामॉलसुद्धा. तरुण पुरुषाच्या जननेंद्रियावर असा चट्टा उठला की गुप्तरोगाचा संशय येऊन घरात रामायण घडतं. मी अशा जोडप्यांना समोर बसवून विचारतो, ‘गेल्या आठवड्यात पोट बिघडलं होतं का?’ बहुतेकदा बायकोच सांगते, हो, लग्नाला गेलो होतो, दोन गोळ्या घेतल्या.

म्हणून तुमच्या आईंचा प्रश्न इथे उघडा राहतो. लघवीच्या संसर्गावरची ती गोळी खरंच सल्फा होती का? नॉरफ्लॉक्सासिन असण्याचीही तेवढीच शक्यता आहे, कारण तेही लघवीच्या संसर्गावर वर्षानुवर्षं दिलं जात होतं. तसं असेल तर फाईलवर चुकीच्या औषधाचं नाव आहे आणि खरं नाव कुठेच नाही. जुनी चिठ्ठी मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तर डाग असलेल्या जागी औषधाची पट्टी लावून बघता येते, पण ओठावर ते अवघड आणि दरवेळी खात्रीचं नसतं. तोवर दोन्ही गट टाळलेले बरे; गुडघ्याच्या ऑपरेशनला त्यातलं एकही लागत नाही. आणि ओठाचा तो डाग गेल्या काही वर्षांत पुन्हा कधी पेटला का, आणि तेव्हा आईंनी काय घेतलं होतं, हे विचारायला विसरू नका. बायका अशा गोष्टी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर टिपून ठेवतात, ते चाळून बघा.

ग्लिमेपिराइडबद्दल केमिस्टचं म्हणणं रसायनशास्त्राच्या पुस्तकापुरतं खरं आहे. ग्लिमेपिराइड, सूज उतरवणारी फ्युरोसेमाइड, बीपीची हायड्रोक्लोरोथायझाइड, दुखण्यावरची सेलेकॉक्सिब, या सगळ्यांच्या रेणूत सल्फोनामाइडचा तुकडा आहे. पण गावात चार घरं पाटलांची असली म्हणून चारही भाऊबंद नसतात. सल्फा अँटिबायोटिकला जो खास जोड असतो, ज्यावर शरीर बिथरतं, तो या औषधांत नाही. सल्फा अँटिबायोटिकने ॲलर्जी झाली म्हणून यांनीही होईल असं अभ्यासांत सिद्ध झालेलं नाही. आणि तुमच्या आई ग्लिमेपिराइड आधीपासून घेतायत ना? ओठ पेटला नाही, तर उत्तर मिळालेलंच आहे. केमिस्टच्या सांगण्यावरून ती परस्पर बंद करू नका, ऑपरेशनच्या तोंडावर साखर वाढलेली कुणालाच नको. मात्र सल्फाने कधी कातडी सोलली असेल, तर हा हिशेब डॉक्टरांनी नव्याने मांडावा. सल्फेट, सल्फाइट आणि गंधकाचा साबण यांचा तर या प्रकरणाशी दूरचाही संबंध नाही.

तातडीच्या रिअॅक्शनबद्दल एकच सांगतो, कारण इथे जीव जातो. औषधानंतर काही वेळात अंगावर गांधी आणि सोबत दम, आवाज बसणं, उलट्या किंवा चक्कर येऊन कोसळणं असं झालं, तर पहिलं इंजेक्शन ॲड्रिनलिनचं. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत, लगेच. ॲम्प्यूल स्वस्त आहे आणि प्रत्येक दवाखान्यात असायलाच हवी. आपल्याकडे आधी खाजेचं आणि स्टेरॉईडचं इंजेक्शन देऊन ‘बघू’ म्हणायची सवय आहे. ती दोन्ही नंतर द्यायला हरकत नाही, पण बंद होणारा श्वास आणि पडलेलं बीपी त्यांनी सावरत नाही. रुग्णाला आडवं ठेवायचं, पाय वर, दम लागत असेल तर टेकून बसवायचं. उठून चालायला लावायचं नाही.

भूलतज्ज्ञांना भेटायला जाताना एका कागदावर एवढं लिहून न्या: साधारण कोणतं वर्ष, कोणता आजार, कितव्या दिवशी काय उठलं, किती दिवस राहिलं, इंजेक्शन किंवा ॲडमिशन लागली का, त्यानंतर कोणकोणती अँटिबायोटिक्स निभावली, आणि ओठाच्या डागाची हकिकत वेगळी. ‘पेनिसिलिन ॲलर्जी’ या दोन शब्दांपेक्षा हा कागद त्यांना शंभर पटींनी उपयोगी पडेल. तपासणीनंतर शिक्का पुसला गेला, तर नव्या डिस्चार्ज कार्डावर तसं लिहून घ्या आणि तुमच्या फॅमिली डॉक्टरांच्या कागदावरही. नाहीतर पुढच्या ॲडमिशनला जुनी फाईल बघून कुणीतरी तो पुन्हा मारतं. उद्या नवी रिअॅक्शन आलीच, तर भारताच्या औषधसुरक्षा कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा टोल फ्री क्रमांक आहे. तिथे रुग्णालाही स्वतः नोंद करता येते.

राहिला शेवटचा प्रश्न, तुमचा आणि मुलीचा. पेनिसिलिनची ॲलर्जी आईकडून मुलीकडे अशी उतरत नाही. काही गंभीर रिअॅक्शन्समध्ये जनुकांचा वाटा सापडलाय, उदाहरणार्थ अपस्माराच्या एका औषधाबाबत, पण तुमच्या घरच्या प्रकाराशी त्याचा संबंध नाही. तुम्हाला स्वतःला कधी काही झालं नसेल तर तुम्ही आणि तुमची मुलगी, दोघींनी गरज पडेल तेव्हा अमॉक्सिसिलिन इतरांसारखंच घ्यायचं. मुलीच्या शाळेच्या फॉर्ममध्ये ॲलर्जीच्या रकान्यात आजीचं पेनिसिलिन लिहिलं असेल, तर ते खोडून टाका.